नको असलेलं चॉकलेट

एक डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन. दुसऱ्या म्हणाल्या, गोळ्या. आई म्हणाली, लग्नाआधी उरकून टाक. अशा वेळी एकोणतीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या मुलीनं करायचं काय?

अहमदपूरच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबते. लोक उतरून चहा पितात. मी मात्र ओढणीची गुंडाळी पोटाशी दाबून सीटवरच बसलेली असायचे. मी लातूरला एका बँकेत आहे, घर नांदेडला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, म्हणून शुक्रवारी संध्याकाळची गाडी ठरलेली. त्यात पाळीची तारीख आली की चाकूरला सुरू झालेली कळ लोह्यापर्यंत पायात उतरायची.

दुखणं काही नवं नव्हतं. बारावीला ‘लातूर पॅटर्न’ शिकायला आले तेव्हापासूनचं. होस्टेलच्या मुली म्हणायच्या, सगळ्यांनाच दुखतं गं. एका डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका आली. दुसरे हसून म्हणाले, लग्न झालं की थांबेल. मग मीही डॉक्टर सोडले आणि मेडिकल स्टोअर धरलं. महिन्याला पेनकिलरची एक पट्टी. अशी अकरा वर्षं गेली! गेल्या वर्षी काउंटरवरच चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे नीट सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आला : डाव्या ओव्हरीवर ४.२ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट. एंडोमेट्रिऑसिस.

चॉकलेट? खरं सांगते, मला हसूच आलं. मग कळलं, आत साचून राहिलेल्या जुन्या रक्ताचा रंग तसा दिसतो म्हणून हे नाव. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसं काहीसं पिशवीच्या बाहेर वाढतं : ओव्हरीवर, नळ्यांवर, कधी आतड्यावर. तेही दर महिन्याला सुजतं, त्यातूनही रक्त येतं. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. त्यातून सूज राहते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १९ कोटी जणींना हे आहे. पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला. आमच्या शाखेत आम्ही अकरा बायका आहोत. करा हिशोब!

लातूरच्या डॉक्टर स्पष्ट बोलल्या. दुर्बिणीतून गाठ काढू, चिकटलेलं सोडवू, दोन दिवसांत घरी. मला बरं वाटलं. एकदाच काय ते संपेल. नांदेडच्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट पाहिला, एएमएचची रक्ततपासणी करायला लावली आणि म्हणाल्या, आधी हॉर्मोनच्या गोळ्या घेऊन बघू. दोघी अनुभवी, दोघी चांगल्या. मग खरं कोणाचं?

आईचं मत तयारच होतं. ‘‘लग्नाआधी ऑपरेशन करून मोकळी हो. लोकांना अपेंडिक्सचं सांगू. गोळ्या किती दिवस खायलीस? सासरी दिसल्या तर? पुढं मूलबाळ झालं की पिशवी काढून टाक, माझ्यासारखी.’’

माझ्यासारखी. मी चौथीत होते तेव्हा आईची पिशवी काढली. तिचं वय चौतीस. त्या रात्री पहिल्यांदाच विचारलं, ‘‘आई, कशासाठी काढली गं?’’ ती म्हणाली, ‘‘सूज होती म्हणले. पुढं कॅन्सर होईल म्हणले.’’ कागद? नाही. पिशवीसोबत ओव्हरीही काढल्या का? तिला माहीत नाही. आजही माहीत नाही. पस्तिशीत तिच्या अंगातून वाफा निघायच्या, भर थंडीत ती पंखा लावून बसायची, हे मात्र मला आठवतंय.

आपल्या मराठवाड्यात ‘पिशवी काढली’ हे वाक्य किती सहज बोललं जातं ना? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझं दुखणं वेगळं, माझी परिस्थितीही खूप बरी. पण पोटात दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला ‘काढून टाका’ सांगणं आणि तिनं मान डोलावणं, हे मी घरातच पाहिलं होतं.

आणि काढून तरी संपतं का? इंग्रजी लेखिका हिलरी मँटेल यांची १९७९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पिशवी आणि ओव्हरी दोन्ही काढल्या. तरी एंडोमेट्रिऑसिस परत आला. पुढे त्यांनी दोनदा बुकर पारितोषिक मिळवलं, पण मूल होण्याचा प्रश्न त्या ऑपरेशनमध्येच संपला होता. हे वाचलं आणि रात्री दोनला उठून दिवा लावला.

बँकेतली बाई ती बँकेतलीच. वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली.

डावीकडे ऑपरेशन. गाठ निघते, दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं, तपासणीला तुकडा पाठवता येतो. पण गाठीचं आवरण सोलताना ओव्हरीचा थोडा चांगला भागही जातो, बीजांचा साठा घटू शकतो. माझा एएमएच आधीच वयाच्या मानानं कमी. शिवाय रोग परत येऊ शकतो, आणि तो येऊ नये म्हणून ऑपरेशननंतरही अनेकींना हॉर्मोन घ्यावेच लागतात!

उजवीकडे गोळ्या. डायनोजेस्ट, रोज एक, ठरलेल्या वेळी. पाळी मंदावते किंवा थांबते, बाहेरचं अस्तर शांत होतं. कापाकापी नाही. पण गाठ पूर्ण विरघळेलच असं नाही, गोळी बंद केली की दुखणं परतू शकतं. मधूनमधून डाग, डोकेदुखी, वजन, उदास वाटणं. आणि गोळी चालू असताना मुलाचा प्रयत्न करता येत नाही.

वही घेऊन नांदेडच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, ‘‘मूल कधी हवंय?’’ आई शेजारी बसली होती. ‘‘लग्न झालं की लगेच,’’ ती म्हणाली. मी म्हणाले, ‘‘मला अजून माहीत नाही.’’ डॉक्टर म्हणाल्या, ‘‘माहीत नाही हेही उत्तरच आहे. मग आत्ता ओव्हरीला हात नको लावायला.’’

तिथे मला उमगलं. दोघी डॉक्टरांचं भांडण नव्हतंच. प्रश्न ‘गोळ्या की ऑपरेशन’ असा नव्हता, तर ‘आत्ता काय हवंय आणि कशाचं नुकसान परवडणार नाही’ असा होता. गोळ्यांनी दुखणं हटलं नाही, गाठ वाढली किंवा संशयास्पद दिसली, मूत्रवाहिनी किंवा आतडं अडायला लागलं, तर ऑपरेशन करायचंच. मुलाचा प्रयत्न करायचा ठरला, तर तेव्हा पुन्हा विचार. निदानासाठी आधी दुर्बीण घालायलाच हवी, असंही आता मानत नाहीत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

आठ महिने झाले गोळ्या सुरू करून. पहिले तीन महिने वैताग होता. गणपतीत डाग दिसायला लागले आणि आईला कळेना, मला आरतीला उभं करायचं की बाजूला बसवायचं. दोन दिवस विचार करून ती म्हणाली, ‘‘औषधाचं आहे ते. ये इकडं, ताट धर.’’ काही संध्याकाळी उगाच रडू यायचं, तेही डॉक्टरांना सांगितलं. आता दुखणं दहापैकी तीनवर आहे. गाठ ३.६ झालीय, गेलेली नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. भीती? आहे ना. पण अहमदपूरला मी आता खाली उतरते आणि चहा पिते.

परभणीचं एक स्थळ आलं होतं. दुसऱ्या भेटीत मी त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं नाही. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या फाइलमधले रिपोर्ट उलटसुलट करत म्हणाली, ‘‘माझे कागद मिळतील का गं तिथं? काय काय काढलं, तेवढं तरी कळंल.’’

इतक्या वर्षांनी मिळणं अवघडच. पण पुढच्या चौथ्या शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. आधी तिची हाडांची तपासणी, मग त्या जुन्या हॉस्पिटलात चौकशी. तुमच्याही आईला एकदा विचारून बघा. आणि तुमचं दुखत असेल, तर कोणत्याही कागदावर सही करण्याआधी एक वही काढा. मधोमध रेघ मारा.