हिरवा दिवा आणि आजोबांचे घड्याळ

शर्यतीत पहिला कोण, हा प्रश्न आपल्याला फार सोपा वाटतो. जो आधी पोहोचला तो पहिला. त्यात विचारायचे काय? पण घड्याळ नेमके केव्हा सुरू झाले, आणि ते कोणाच्या हातात होते, असे कोणी विचारले की हाच सोपा प्रश्न अवघड होऊन बसतो. माझ्या आजोळी या प्रश्नापायी दोन जिवलग मित्रांचे बोलणे कायमचे तुटले. म्हणून मोटारींच्या शर्यतीबद्दल लिहिताना मला बैलगाड्यांच्या घाटाबद्दलही लिहावे लागणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे मामा नंदेसरीला असतात. बडोद्याजवळची ही रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिथल्या एका कारखान्यात दाब, तापमान, पातळी मोजणारी उपकरणे ठीकठाक ठेवण्याचे काम ते करतात. गेल्या सुट्टीत त्यांच्याकडे असताना मी मोबाइलवर ड्रॅग रेस पाहत होतो. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन मोटारी, पाव मैलाचे म्हणजे सुमारे 402 मीटरचे अंतर, आणि सुरुवातीला मधोमध उभा असलेला दिव्यांचा एक खांब. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 2010 नंतरच्या दशकात अशा शर्यती झाल्या आहेत. मला कौतुक गाड्यांचे. मामांचे लक्ष मात्र त्या खांबाकडे.

त्या खांबाला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींत तो 1963 साली आला. त्याआधी एक माणूस दोन गाड्यांपुढे उभा राहून झेंडा हलवी. त्याने कोणाकडे झुकते माप दिले, कोणी झेंड्याआधीच गाडी काढली, यावरून वाद ठरलेले.

“आमच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर पोती मोजायला जे लावलेय ना, तेच हे,” मामा म्हणाले. एका बाजूला प्रकाशाचा किरण सोडणारे यंत्र, समोर तो टिपणारा डोळा. पोते आडवे आले की किरण तुटतो आणि आकडा एकाने वाढतो. ड्रॅग रेसमध्ये पोत्याच्या जागी गाडीचे पुढचे चाक असते. सुरुवातीच्या रेषेपाशी प्रत्येक गाडीसाठी असे दोन किरण असतात, एकमेकांपासून सात इंचांवर. चाकाने पहिला अडवला की खांबावरचा वरचा दिवा लागतो: जवळ आलास, सावकाश ये. दुसरा अडवला की त्याखालचा लागतो: आता जागेवर आहेस. दोन्ही गाड्या जागेवर आल्या की मगच पुढचा खेळ. तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरत लागतात आणि शेवटच्या पिवळ्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा. सर्वांत वेगवान गाड्यांसाठी तिन्ही पिवळे एकदमच लागतात आणि 0.4 सेकंदाने हिरवा येतो. त्याआधी चाकाने किरण सोडला तर तांबडा दिवा, आणि शर्यत तिथेच गेली.

यातली गंमत अशी की हिरवा दिवा पाहून निघणारा बहुधा मागेच पडतो. डोळ्याने पाहून पाय हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि गाडी हलायलाही थोडा वेळ जातो. म्हणून मुरलेला चालक शेवटचा पिवळा लागताच निघतो आणि हिरव्याला वाटेत गाठतो.

पण मला खरे नवल वाटले ते घड्याळाचे. गाडीचे घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होतच नाही! त्या गाडीचे चाक किरणातून बाहेर पडले की तिचे घड्याळ सुरू होते, आणि शेवटच्या रेषेवरचा किरण तुटला की थांबते. दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ वेगळा मोजतात. समजा, एक गाडी 0.20 सेकंद थांबून निघाली आणि तिने अंतर 12.00 सेकंदांत कापले. दुसरी 0.05 सेकंदातच निघाली, पण तिला 12.10 लागले. जास्त वेगाने धावली पहिली. आधी पोहोचली दुसरी. बक्षीस दुसरीचे. दोन्ही आकडे खरे, दोन्ही घड्याळे निर्दोष, आणि तरी ती वेगवेगळी गोष्ट सांगतात.

कानडी विभागातल्या माझ्या मित्रांना 2020 सालची कंबळा शर्यत आठवत असेल. श्रीनिवास गौडांनी रेड्यांमागे 142.5 मीटर अंतर 13.62 सेकंदांत कापले, आणि वर्तमानपत्रांनी त्याचे 100 मीटरला 9.55 सेकंद करून त्यांना उसेन बोल्टच्या शेजारी बसवले. पळणे अचाटच होते. पण बोल्टच्या 2009 सालच्या 9.58 मध्ये बंदुकीच्या आवाजानंतर हलायला लागलेले 0.146 सेकंदही धरलेले आहेत, आणि त्याला पुढून ओढणारे कोणी नव्हते. घड्याळ कसे लावले ते सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नसतो.

आता आजोबांकडे येतो. खेड तालुक्यातल्या आमच्या आजोळी यात्रेला घाटात बैलगाडे पळतात. एका वेळी एकच गाडा, आणि निकाल सेकंदांवर. आजोबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते, म्हणून स्टॉपवॉच वर्षानुवर्षे त्यांच्याच हाती. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली, त्याच्या काही वर्षे आधीची गोष्ट. मित्राच्या गाड्याला आजोबांच्या घड्याळाने 12.5 सेकंद दाखवले. मित्राच्या मुलाच्या घड्याळाने 12.3. बक्षीस हुकले. “गुरुजींनी हात आखडला,” असे मित्र भर घाटात बोलून गेला. आजोबांनी घड्याळ खाली ठेवले ते पुन्हा उचलले नाही. दोघे एका आळीत राहिले, पण एकमेकांच्या ओट्यावर चढले नाहीत. 2021 साली न्यायालयाने शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, तेव्हा आजोबा नव्हते.

मामांनी हे सारे ऐकवले आणि एका कागदावर मला लिहून दाखवले: हाताने लावलेल्या आणि यंत्राने लावलेल्या घड्याळात छोट्या पल्ल्याच्या धावण्यात 0.24 सेकंदांचा फरक धरण्याची मैदानी खेळांत रीतच आहे. म्हणूनच 1977 पासून अशा शर्यतींचे विश्वविक्रम फक्त स्वयंचलित घड्याळावर मानले जातात. जगातल्या निवडक पंचांचा हात एवढा मागेपुढे होतो, तर धुळीने भरलेल्या घाटात दोन माणसांत दोन दशांशांचा फरक पडला, यात लबाडी कोणाची?

मी हे आजीला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे दोघंही खरंच बोलत होते की रे. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर?”

अलीकडे काही घाटांत किरणांची घड्याळे आली आहेत, आणि ती आली हे बरेच झाले. त्यांच्यामुळे निकाल अचूक लागतो हे तर खरेच. पण कोणा गुरुजीला आपल्या बोटाच्या खरेपणाची ग्वाही द्यावी लागत नाही, हे मला त्याहून मोठे वाटते. आजोबांचे ते मित्र अजून आहेत. आता ऐकू कमी येते म्हणतात. येत्या यात्रेला मी त्यांच्या ओट्यावर जाणार आहे, मामांचा तो कागद घेऊन.