खांदा

आमच्या शाळेच्या मैदानात माती कमी आणि मुरूम फार. तेथे कुस्ती खेळू नये, असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, आणि मुलांनीही तितकीच वर्षे ते ऐकलेले नाही. मधल्या सुटीत दोन पोरे शड्डू ठोकतात, तिसरा पंच होतो, आणि जो जिंकेल तो 'महाराष्ट्र केसरी'. उलटा धरलेला झाडू ही त्याची गदा. वर डोंगरावर रेणुकामाता, पलीकडे दत्तशिखर, खाली बाजारात तांबूल कुटण्याचा आवाज, आणि मधोमध हे आमचे रोजचे अजिंक्यपद!

हा शब्द या डोंगरातल्या पोरांच्या तोंडी आला तरी कसा, याचे मला पुष्कळदा नवल वाटते. माहूर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. माझ्या आजाच्या लेखी कुस्ती म्हणजे जत्रेचा फड. हलगी वाजायची, गावचे वडीलधारे जोड लावायचे, आणि नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत दिवस मावळायचा. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. पण ही सारी नावे आमच्याकडे उशिरा, लांबच्या पाहुण्यांसारखी आली.

१९५३ साली मामासाहेब मोहोळांनी कुस्तीगीर परिषद स्थापिली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी, १९६१ त, पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. त्याचे नाव दिनकर दह्यारी. आणि मैदान कोठले? औरंगाबादचे! राज्य एक झाले हे कागदावर खरे होते. पण सांगलीकडच्या मल्लाला मराठवाड्याच्या भूमीवर हा किताब मिळतो, तेव्हा ते डोळ्यांना दिसते. पुढे मोहोळांच्या स्मरणार्थ त्यांचे कुटुंबीय चांदीची गदा देऊ लागले. मातीवरचा विजेता व गादीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, आणि त्या संध्याकाळी ज्याने उभ्या जन्मात लंगोट कसला नाही असा माणूसही डावपेचांवर अधिकाराने बोलू लागतो. सामना एक दिवसाचा असतो. हे बोलणे मात्र वर्षभर पुरते. सणाचे तरी दुसरे काय असते?

माझे वडील तरुणपणी कुस्ती खेळत. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, घोड्यांच्या आणि बैलांच्या बाजाराशेजारी, ते एकदा चांगल्या इनामाची कुस्ती हरले. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल! पण डाव कोणता बसला, हे त्यांना कधीच नीट आठवले नाही. आठवायचे ते एवढेच, की ज्याने त्यांना पाडले त्यानेच त्यांच्या पाठीची माती आपल्या फेट्याने झाडली, आणि रात्री आमच्या बैलगाडीपाशी येऊन त्यांच्याच भाकरीतली अर्धी खाल्ली. "हरल्यावर भूक लई लागती बघ," असे म्हणून ते हसत.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. २०२५ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी, अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची अखेर होती. आमच्या नांदेडच्या वतीने खेळणारा मल्ल उपांत्य लढतीत चीत झाल्याचे पंचांनी जाहीर केले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे त्याचे म्हणणे. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम लढतही धड झाली नाही. एक मल्ल पंचांवर रागावून मैदान सोडून गेला. पुढे दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. मी हे सारे आमच्या ओसरीवर मोबाईलवर पाहत होतो. गल्लीतली पाच-सहा पोरे माझ्या खांद्यावरून डोकावत होती. आणि ती लाथ बसली तेव्हा मी, इयत्ता सातवीचा वर्गशिक्षक, मोठ्याने म्हणालो, "बरे केले!"

सोमवारी मधल्या सुटीत हरलेल्या पोराने पंच झालेल्या पोराच्या पोटात लाथ घातली. पंच लहानखुरा, तो मुरुमावर पडला आणि त्याचा ओठ फुटला. मी छडी घेऊन धावलो. लाथ मारणारा रडत नव्हता. माझ्याकडे सरळ पाहून तो म्हणाला, "गुर्जी, काल तुमीच म्हनलाव की, बरं केलं."

छडी खाली गेली. पंचाचा निर्णय चुकला होता की नाही, यावर मी त्या मुलाशी तासभर वाद घालू शकलो असतो. पण त्याने तो प्रश्नच विचारला नव्हता.

त्या दिवशी इतिहासाचा तास मी त्यांना २०२० सालच्या जानेवारीची गोष्ट सांगण्यात घालवला. पुण्याला बालेवाडीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या शेजारच्या लातूरचा शैलेश शेळके अंतिम लढतीत उभे होते. दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले, एका ताटात जेवणारे म्हणावे असे. सदगीर जिंकला, तोही ३-२ अशा थोड्या गुणांनी. आणि जिंकताच त्याने शेळकेला उचलून आपल्या खांद्यावर घेतले. गदा मिळायची होती त्याला, पण मैदानभर मिरवला तो हरलेला. मग मी माळेगावच्या जत्रेतली भाकरीही सांगितली. शेवटी फुटलेल्या ओठाच्या पोराची मी वर्गासमोर माफी मागितली. शिक्षकाने माफी मागावयाची म्हणजे काय, हे पोरांना ठाऊक नसावे. ती एकमेकांकडे पाहू लागली.

चार दिवस मैदानात कुस्ती झाली नाही. पाचव्या दिवशी झाली. त्याच फुटक्या ओठाच्या पोराला पुन्हा पंच केले होते. जिंकलेल्या पोराने हरलेल्याला खांद्यावर घ्यावयाचे ठरवले. पण हरलेला वजनाने भारी होता, तेव्हा दोघेही धाडकन मुरुमावर आदळले आणि चार गुडघे एकदम सोलले. "गुर्जी, आयोडीन!" म्हणून सगळा घोळका माझ्याकडे पळत आला.

कुस्ती खेळू नये असे मी त्या दिवशी कोणाला सांगितले नाही. औषधाची पेटी उघडली, आणि आधी कोणाचा गुडघा पुसावा म्हणून पंचालाच विचारले.