पाळणा कुणी हलवायचा?

वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सात भावंडं वाढलो. रात्री बाप्ये व्हरांड्यात पथारी टाकत. आम्ही जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करायचो. सात बाळंतपणांनी आई पार खंगली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, जननदर 2.1 च्या खाली गेला तर समाज टिकत नाही, किमान तीन मुलं हवीत. त्याआधी ऑक्टोबरमध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनीही जास्त मुलांचा आग्रह धरला होता.

बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मात्र 1938 सालीच मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

बंधू-भगिनींनो, मुलं किती हे लेकीसुनांनाच ठरवू द्या. पुढाऱ्यांकडे आधी घर, पाणी, शाळा मागा.