तिसरी स्टेज, सातवा किलोमीटर

ऑफिसात ‘वीकेंडला रॅली आहे’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या पक्षाची?’ म्हणून आधी थोडं सांगते. गाड्यांच्या रॅलीत सगळे एकत्र पळत नाहीत. वाहतूक बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्यावर, म्हणजे स्पेशल स्टेजवर, एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते आणि तिला लागलेला वेळ मोजतात. दोन स्टेजच्या मधला रस्ता मात्र साधा. तिथे एसटीच्या मागून, सिग्नल पाळत जायचं. पुढच्या चौकीवर उशिरा पोचलात तर दंड, आणि लवकर पोचलात तर त्याहून जास्त.

गाडी माझा मावसभाऊ चालवतो. त्याला मी दादा म्हणते, हेल्मेटच्या इंटरकॉमवरसुद्धा. मी नॅव्हिगेटर. शर्यतीआधी आम्ही तो रस्ता हळूहळू फिरून प्रत्येक वळण वहीत उतरवतो. एक म्हणजे सगळ्यात अवघड वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. ‘राइट फोर, शंभर, लेफ्ट थ्री, आत कापू नको.’ वही अर्धी इंग्रजी, अर्धी नाशकातली. एका ठिकाणी नुसतं ‘म्हसोबा, ब्रेक’ असं लिहिलंय. स्टेजवर मी रस्ता फारसा बघतच नाही. मान वहीत असते, आणि कुठे पोचलो ते सीटला बसणाऱ्या हिसक्यांवरून कळतं.

पोटापाण्यासाठी मी विम्याच्या ऑफिसात आहे. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत शर्यतीतलं नुकसान धरत नाहीत, हे मी ग्राहकांना रोज समजावते. त्यामुळे शनिवारी जे मोडेल ते आपल्या खिशातून जाणार, हे टीममध्ये मला सगळ्यात नीट ठाऊक असतं.

आणि मामा. मामा आमचे कुणीच लागत नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय अठ्ठावन्न. त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं, ते बंद झालं. आता एका सर्व्हिस सेंटरमध्ये पगारावर आहेत. तिथे गाडीला लॅपटॉप जोडायचा, स्क्रीनवर येईल तो पार्ट बदलायचा. ‘माझ्या कानाला तिथे काम नाही गं,’ असं ते एकदा म्हणाले होते. आमची वीस वर्षांची हॅचबॅक त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये अकरा महिने खपून उभी केली. या रॅलीसाठी दोन दिवसांची बिनपगारी रजा टाकली. आम्हाला नंबर वगैरे नको होता. याआधीच्या तीनपैकी एकही रॅली आम्ही पूर्ण केली नव्हती, तेवढी एक पूर्ण करायची होती.

सिन्नरच्या बाजूचा माळ, मुरमाचा रस्ता. पहिल्या दोन स्टेज इतक्या छान गेल्या की दादा मधल्या रस्त्यावर चक्क गाणं म्हणत होता. तिसऱ्या स्टेजच्या पाचव्या किलोमीटरला खालून दगड लागला. तसे दगड लागतातच. मग डाव्या वळणांवर उजव्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायला लागला. दादा म्हणाला, ‘वाच तू.’ मी वाचत राहिले. सातव्या किलोमीटरला एका लेफ्ट टूमधून बाहेर पडताना मोठा ठोका बसला, आणि इंजिन किंचाळलं तरी गाडी हळूहळू थांबली. दादाने गिअर टाकला, क्लच सोडला. स्पीडोमीटरचा काटा साठवर, आणि बाहेरचं बाभळीचं झाड जागच्या जागी.

एक्सल गेला होता. चाकाजवळच्या सांध्यावर रबरी बूट असतो, आत ग्रीस धरून ठेवणारा. दगडाने तो फाडला, ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि सांधा फुटला. साध्या डिफरन्शियलची गंमत अशी की जिकडे विरोध नाही तिकडेच ते फिरतं. म्हणून तुटलेली बाजू गरागरा फिरत होती आणि धडधाकट चाक नुसतं उभं होतं.

मागे पळत जाऊन त्रिकोण ठेवला. रोडबुकमध्ये एक पान असतं, एका बाजूला एसओएस, दुसऱ्या बाजूला ओके. कुणाला लागलं नसेल तर ओके दाखवायचं, म्हणजे मागचे थांबत नाहीत. त्या धुळीत मी प्रत्येक गाडीला ते ओके दाखवलं. मोजल्या मी, एकवीस गाड्या.

स्टेज संपेपर्यंत रस्त्यावर चालायला बंदी, त्यामुळे आम्ही बांधावर बसून राहिलो. शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी पाण्याची बाटली दिली. ‘कितवा नंबर ताई?’ ‘बंद पडली हो.’ ‘मग ढकला की,’ ते म्हणाले. खरं तर बरोबरच होतं त्यांचं; फक्त पुढे चार किलोमीटर चढ होता.

१९९८मध्ये ब्रिटनच्या रॅलीत, मोसमाच्या अगदी शेवटच्या स्टेजवर, कार्लोस साइन्झची टोयोटा शेवटच्या रेषेच्या काही शे मीटर अलीकडे बंद पडली. चौथा आला असता तरी विश्वविजेतेपद त्याचं होतं. ते टॉमी मॅकिनेनला गेलं. नॅव्हिगेटर लुइस मोयाने हेल्मेट घालून गाडीची मागची काच फोडली. तो व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिलाय, आणि दर वेळी मोयाकडेच बघते. ड्रायव्हर निदान गिअर तरी खेचून बघतो. नॅव्हिगेटरने उरलेल्या पानांचं काय करायचं? माझ्या मांडीवर अकरा पानं शिल्लक होती. मी काही फोडलं नाही. मागची काच विकत घ्यावी लागते.

मोठ्या रॅलींत दंड घेऊन दुसऱ्या दिवशी परत उतरायची सोय असते. आमच्या नियमावलीत नव्हती.

अंधार पडता पडता टोचनवरून गाडी सर्व्हिस पार्कात आली. मामांनी दुपारपासून ताडपत्री अंथरून पाने क्रमाने मांडून ठेवले होते. एकालाही हात लागलेला नव्हता. दादा ‘सॉरी मामा’ म्हणायला गेला, तर ते आधीच चाकाशी उकिडवे बसलेले. फाटलेल्या बुटात बोट घालून त्यांनी ग्रीस चिमटीत चोळलं. ‘किती लांबून वाजत होता?’

‘दोन किलोमीटर,’ मी म्हणाले.

‘दोन चालला? बराच चालला की.’

दादा म्हणाला, उद्या टेम्पोत टाकून नेऊ, आता कशाला. मामांनी पेटीतून जुन्या बाजारातला एक्सल काढला, कपड्यात गुंडाळलेला. गिअरबॉक्सचं ऑइल धरायला कापलेला डबा खाली सरकवला आणि माझ्या गळ्यातल्या घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘सर्व्हिसला किती वेळ होता आपल्याला?’

‘तीस मिनिटं.’

‘लाव.’

मी लावलं. दादाने टॉर्च धरला. हबचा नट एकदा अडला, तेव्हा मामांनी मला एक शिवी दिली आणि लगेच माफी मागितली. चाक चढवून जॅक उतरवला तेव्हा सव्वीस मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. मामांनी तो आकडा वहीत लिहायला लावला, चौथ्या स्टेजच्या पानावर, वर कोपऱ्यात.