कानामागची तीट

हर्णैच्या बंदरावर दुपारी चारनंतर लिलाव सुरू झाला की व्यापारी माशांकडे बघतात, पर्यटक व्यापाऱ्यांकडे बघतात आणि मास्तर कुरवांच्या कानांकडे बघत बसतात. कुरव म्हणजे पर्यटकांचा ‘सीगल’. पक्ष्याचा कान बाहेरून दिसत नाही. पण जिथे असायला हवा तिथे, डोळ्याच्या थोडा मागे, थंडीतल्या कुरवाला एक काळसर ठिपका असतो. बाकी डोकं धुतल्यासारखं पांढरं. तान्ह्या बाळाला न्हाऊ-माखू घालून कानामागे काजळाची तीट लावावी तसं.

मास्तर म्हणजे दापोलीच्या एका शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. पक्ष्यांची त्यांना फारशी माहिती नव्हती, चेहऱ्यांची होती. एका माघात त्यांच्या लक्षात आलं की ती तीट फिसकटली आहे. आधी डोळ्यामागे, मग दोन्ही बाजूंनी डोक्यावरून पुसटसा पट्टा, मग कपाळावर राखेसारखे ठिपके. टीपकागदावर शाई पसरत जावी तसा रंग दर आठवड्याला पुढे सरकत होता. फाल्गुन संपता संपता काहींच्या डोक्यावर गळ्यापर्यंत ओढलेलं तपकिरी टोपरं आलं. मास्तरांनी चौकटीच्या वहीत वर्तुळं काढून ते टिपून ठेवलं. ती पानं बघताना चंद्राच्या कला काढल्यात असंच वाटतं, फक्त इथे पौर्णिमा काळी.

“म्हावरं हितं हाय मास्तर, तुमी वर काय बघताव?” पाट्या मांडून बसलेली मावशी दरवेळी विचारते.

“त्याचं तोंड काळं होतंय मावशी.”

“व्हायलाच पायजे. सकाळपासून तीन बांगडे नेलेन मेल्यानं.”

शास्त्र मावशीइतकं रोखठोक नाही. माघ-फाल्गुनात कुरव फक्त डोक्यावरची आणि अंगावरची काही पिसं बदलतो. पंखांची मोठी पिसं तशीच राहतात, कारण त्यांच्यावर लवकरच लांबचा प्रवास करायचा असतो. जुनं पांढरं पीस गळतं, त्या जागी गडद पीस उगवतं. पांढऱ्या पिसावर रंग चढत नाही. म्हणूनच मधल्या दिवसांत डोकं इतकं ओंगळ, कळकट दिसतं. हौशी छायाचित्रकारांना हे दिवस आवडत नाहीत. त्यांना एकतर शुभ्र डोकं हवं किंवा पुरतं टोपरं, आणि शक्यतो उडताना. बसलेल्या कुरवाचं अर्धवट डोकं बघायला कुणी हात-दीड हात लांबीचं भिंग घेऊन पुण्याहून येत नाही. नुकसान त्यांचंच आहे.

या बंदरावर दिसणाऱ्या दोन नेहमीच्या जातींची नावं काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव अशी आहेत, आणि दोन्ही नावं कोकणात बराच काळ खोटी असतात. पक्षी येतात दिवाळीच्या आगेमागे, तेव्हा दोघांचीही डोकी पांढरी. त्यातून ज्याला काळ्या डोक्याचा म्हणतात त्याचं टोपरंही खरं तर गडद चॉकलेटी. मग ओळखायचं कसं? तपकिरी डोक्याचा अंगाने जरा थोराड, वयात आला की त्याचा डोळा फिकट, आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे कवडसे. खरोखर काळं डोकं हवं असेल तर पल्लासच्या कुरवाची वाट बघावी लागते. तो या सगळ्यांत दांडगा, पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा-तांबडा पट्टा असलेला, आणि त्याची घाईही मोठी. इतरांची तीट नुकती फिसकटत असते तेव्हा हा डांबरासारखं काळं डोकं घेऊन वाळूवर उभा. उलट रशियाच्या उत्तर टोकाकडून येणारा ह्यूग्लिनचा कुरव थंडीत डोक्या-मानेवर करड्या रेघा बाळगतो आणि वसंतात स्वच्छ पांढरा होतो. एकाच वाळूवर कुणी काळा होतोय, कुणी गोरा.

तपकिरी डोक्याच्या कुरवाला त्याचं शास्त्रीय नाव १८४० साली मिळालं. ते देणारा टी. सी. जेर्डन हा मद्रासकडचा इंग्रज लष्करी डॉक्टर. नावाचा अर्थच तपकिरी डोक्याचा. म्हणजे त्याच्यासमोर टोपरं चढलेला पक्षी असणार. नाताळात गाठ पडली असती तर नाव बहुधा वेगळंच झालं असतं.

हर्णैला अजून बरीचशी जुनी रीत आहे. होड्या खोल पाण्यात नांगरायच्या, मासळी छोट्या होडीतून किंवा बैलगाडीतून वाळूपर्यंत आणायची. पोटापर्यंत पाण्यात उभे असलेले बैल, चाकांवर फुटणारी लाट, मागे सुवर्णदुर्गाचा तट. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत हा एक, त्यामुळे हल्ली किल्ल्याकडे बोट दाखवणारे वाढलेत. कुरवांना तटाचं कौतुक नाही. त्यांचं सगळं लक्ष गाडी आणि होडी यांच्यामधल्या दहा-पंधरा हातांवर. तिथे पाटी कलंडते, एखादी ढोमी निसटते, कोळंबीतला कचरा पाण्यात भिरकावला जातो. घारी वरून झडप घालतात, कावळे चालत येतात, समुद्रबगळा कोपऱ्यात संन्याशासारखा उभा राहून शेवटी सगळ्यांपेक्षा मोठा घास उचलतो. कुरव मात्र भांडून खातात. मिळालेला तुकडा गिळण्याआधी चौघांना ओरडून सांगितल्याशिवाय त्यांना चव लागत नसावी.

हेच पक्षी गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे उडतात आणि लोक त्यांना पिवळे, मसाला लावलेले कुरकुरीत तुकडे उधळतात. हा दानधर्म बंद झाला तर बरं. पक्ष्यांच्या पोटाचं तर आहेच, पण चार महिने समोर मासे असलेल्या प्राण्याला वेफर खायला शिकवणं यात काहीतरी अपमानास्पद आहे.

त्याच लाँचवरचं एखादं कुटुंब जूनमध्ये लडाखला जातं. ‘थ्री इडियट्स’चा शेवट जिथे झाला त्या पँगाँगच्या काठावर फोटो काढताना पायाशी पाण्यात एक पांढरा पक्षी येतो. अंग पांढरं, डोकं तपकिरी, चोच आणि पाय लाल. “अय्या, इथे कुठला समुद्रपक्षी!” तपकिरी डोक्याचे कुरव तिथलेच. लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच तळ्यांच्या काठी, बेटांवर, दलदलीत ते वीण करतात. त्सो मोरिरी हे त्यातलं एक तळं तर साडेचार हजार मीटरहून उंचावर आहे. आपल्याकडे ते येतात ते हिवाळा काढायला. घराच्या दारात उभं राहून घरमालकालाच ‘तू इथे कसा’ विचारायचं, असा हा प्रकार. अर्थात हर्णैचा अमुक पक्षी नेमका कुठल्या तळ्यावर जातो ते त्याच्या पायात वाळा असल्याशिवाय कळायचं नाही. असे वाळे घालायचं काम बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींच्या देखरेखीखाली १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. ॲल्युमिनियमच्या त्या कड्यावर क्रमांक असतो आणि सापडल्यास मुंबईला कळवा, एवढाच निरोप. पायात वाळा, कानामागे तीट.

पण टोपरं कशाला? याचं उत्तर शोधण्यात ज्या माणसाने उमेदीची वर्षं घालवली त्याचं नाव निको टिनबर्गेन. मूळचा डच, लायडनच्या विद्यापीठातला. जर्मनांनी ज्यू प्राध्यापकांना काढून टाकलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत हा होता, म्हणून १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षं ओलिसांच्या छावणीत होता. तिथून तो घरच्या मुलांसाठी गोष्टी लिहून पाठवायचा. त्यातली एक होती एका कुरवाची. तुरुंगात बसून मुलांसाठी लिहिणं मराठी वाचकाला नवीन नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगातच लिहिली.

युद्धानंतर टिनबर्गेन ऑक्सफर्डला गेला आणि इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर रेव्हनग्लास नावाच्या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत काळ्या डोक्याच्या कुरवांची वसाहत बघत बसू लागला. कापडी राहुटीत शिरायचं, भोकाला डोळा लावायचा आणि तासन्‌तास बघायचं. त्याला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना दिसलं की हा पक्षी भांडताना टोपरं आणि चोच शत्रूच्या थेट समोर आणतो. मान पुढे, डोकं खाली, सगळा काळोख समोरच्याच्या तोंडावर. टोपरं म्हणजे रागाचा चेहरा. आता पंचाईत अशी की जोडी जमवतानाही समोर हाच चेहरा. नर-मादी जवळ येतात आणि दोघंही एकमेकांना भितात. त्यावर कुरवांनी काढलेला तोडगा फार गोड आहे. शेजारी शेजारी उभं राहायचं आणि एकदम, झटक्यात, दोघांनीही मान पलीकडे फिरवायची. समोरच्याला दिसते ती फक्त पांढरी मान. भांडायचं नाहीये, हे सांगायला तोंड लपवायचं. लग्नात अंतरपाट धरतात तो वेगळ्या कारणासाठी, पण टिनबर्गेन कधी मराठी लग्नाला आला असता तर त्याने वही नक्की काढली असती.

त्याच वसाहतीत त्याला आणखी एक बारीकशी गोष्ट छळत होती. पिल्लू बाहेर आलं की आईबाप रिकामं कवच चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. वर्षातून दोन-तीनदा करायचं, काही क्षणांचं काम. मग ते इतक्या नेमाने का? अंडं बाहेरून मातकट, ठिपक्यांचं, गवतात मिसळून जाणारं. फुटलेल्या कवचाची आतली बाजू पांढरी. त्याने काही अंड्यांशेजारी फुटकी कवचं ठेवून पाहिली, आणि ज्यांच्याजवळ कवच होतं ती अंडी कावळ्यांनी आणि इतर कुरवांनी जास्त उचलली. १९६२ मध्ये हे छापून आलं. त्यातला सगळ्यात बोचरा भाग पुढे आहे. कवच लगेच नेत नाहीत. पिल्लू वाळेपर्यंत थांबतात. कारण बाप कवच टाकायला गेला की शेजारी येतो, आणि ओलं पिल्लू गिळायला सोपं; वाळून फुगलेलं घशात अडकतं. शेजारी म्हणजे कावळा नव्हे, दुसरा कुरव. टिनबर्गेनला १९७३ चं नोबेल मिळालं, दोघांबरोबर वाटून.

मान फिरवण्याचं हे मास्तरांना कळलं तेव्हा त्यांची वहीच बदलली. आता ते डोक्यांची चित्रं काढत नाहीत, माना काढतात.

सगळ्यांनाच टोपरं येतं असं नाही. आदल्या पावसाळ्यात जन्मलेल्यांच्या डोक्यावर या पहिल्या वसंतात काहीतरी अर्धंमुर्धं उगवतं आणि तेवढ्यावरच थांबतं; शेपटीच्या टोकाला काळी किनार, पंखांवर पोरवयाची तपकिरी पिसं. त्यांना यंदा घरटं नाही. हर्णैच्या शेजारी मुरूड आहे, महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसण्यासाठी पोरवयाचे धोंडो केशव मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. घाट चढून पोचले, तर साहेबाने बघून सांगितलं, हा सतराचा दिसत नाही. परत पाठवलं. वय होतं, चेहरा नव्हता. बंदरावर कडेच्या दोरखंडावर बसलेला पहिल्या वर्षाचा कुरव दिसला की मास्तर हसत म्हणतात, “हा अण्णा.”

या दिवसांत किनाऱ्यावर दुसरंही पुष्कळ चालू असतं. ओहोटीच्या चिखलात छोट्या चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढायला लागतो. नांगराच्या दोरावर तुतवार शेपटी हलवत चालतो. त्याच्या शेपटीला विश्रांती ठाऊक नाही. आंजर्ल्याकडे जाताना पांगाऱ्यावर भोरड्यांचा कलकलाट. आणि उंच झाडाच्या शेंड्यावर काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, ज्याच्या शोधात निघालेल्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या मंडळींना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून २००२ मध्ये कासव संवर्धन सुरू झालं, पुढे महोत्सव आला, होमस्टे आले. आता फाल्गुनात वेळासला माणसं पहाटे उठून कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. वर बघत गेलेल्यांना पायाशी सापडलं. वेळासला जाणाऱ्या गाड्या हर्णैवरून जातात त्या सुरमईसाठी थांबतात, कुरवांसाठी नाही, आणि सुरमईपुढे तक्रार करायला जागा नाही.

शिमगा झाला. पालख्या नाचून देवळात गेल्या, होड्या पुन्हा पाण्यात. मास्तर नेहमीच्या बर्फाच्या पेटीवर. मावशीने पाटी खाली ठेवली आणि ढोम्यांची डोकी एका झटक्यात मागे भिरकावली. दोन कुरव एकदम उतरले, दोघांचंही टोपरं गळ्यापर्यंत पूर्ण, डोळ्याभोवती पांढरी बारीक कड. एकाने मान लांब करून डोकं खाली घातलं, चोच थेट दुसऱ्याच्या तोंडावर. दुसरा तसाच सरसावला. मग काय झालं कोण जाणे, दोघांनीही एकाच वेळी मान फिरवली. एक सुवर्णदुर्गाकडे बघतोय, एक लिलावाकडे. ढोमीचं डोकं दोघांच्या मध्ये तसंच.

“बघ मावशी, बघ.”

“काय बघू? कावळ्यानं नेलंन.”