बोअरच्या आतली कड

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी सतरा वर्षं तपासणीला आहे. राहायला जुन्या सांगवीत. सकाळी पवनेवरचा पूल ओलांडायचा, दापोडी, नाशिक फाटा करत सातच्या शिफ्टला हजर व्हायचं. गाडी पुलावर येईपर्यंत माझी मनातल्या मनात प्रार्थना होते.

दोन वर्षांपूर्वी महिनाअखेरीला डिस्पॅचची गाडी दारात उभी होती आणि शेवटच्या क्रेटमधले ऐंशी जॉब बघायचे राहिले होते. या जॉबच्या बोअरला, म्हणजे मुख्य भोकाला, आडवं भोक येतं. ते आत जिथे उघडतं तिथे ड्रिलमुळे धातूची बारीक कड उठते, तिला आम्ही बर म्हणतो. बोअरचं माप तपासायचं प्लग गेज कधी कधी ती दाबून तसंच पुढे जातं. म्हणून बॅटरी मारून बघायचं, करंगळी घालून चाचपायचं. मी दहा जॉब बघितले आणि ऐंशींवर शिक्का मारला.

आठवड्यानं लॉट परत आला. बरनं आतलं रबरी सील कापलं जात होतं. बोलणी बसली ती डिबरिंगवरच्या कंत्राटी पोराला, सगळ्यांसमोर. तो मान खाली घालून उभा. मी पुढे झालो, म्हणालो, “शिक्का माझा आहे.” पण तोंडातून शब्द निघायला मला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ ते पोर एकटं होतं. ते मला अजून सलतं.

कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय मला लहानपणापासून पाठ. मालकाच्या नजरेपुरतं नको, प्रभूसाठी म्हणून जीव ओतून करा, असं पौल तिथे सांगतो. पण तो हे गुलामांना सांगतोय, हे त्या रात्री पहिल्यांदा नीट उमगलं. ज्यांच्या हाती पगारही पडत नव्हता त्यांच्या कामाला तो देवाची किंमत देतो. आणि चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच मालकांनाही न्यायानं वागायला बजावतो. तेवढं गाळून कामगारांना निम्मंच ऐकवणं मला पटत नाही.

आईचं माहेर केडगावचं. त्यामुळे पंडिता रमाबाई आमच्या घरातल्याच. हिब्रू, ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. केडगावातल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनी त्याचे खिळे जुळवले. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी रमाबाई प्रूफं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. पुस्तक आलं 1924 मध्ये, त्यांनी ते पाहिलं नाही. मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा ती प्रूफं जवळची वाटतात. काना, मात्रा, वेलांटी, पुन्हा पहिल्यापासून. तीही तपासणीच.

आता मी प्रत्येक जॉबमध्ये बॅटरी मारतो. थकतो, डोळे चुरचुरतात, शिफ्ट सुटायची वेळ झाली की हात आपोआप घाई करतात. हातांना थांबवावं लागतं, रोज.

ते पोर अजून आमच्याकडेच आहे. परवा माझ्या पास केलेल्या ट्रेमधून एक जॉब घेऊन आलं. “काका, हा एकदा परत बघता का?”

मी करंगळी आत घातली. केसाएवढी कड लागली.