जुनें कॅबिनेट व नवा एस.एम.पी.एस.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शाळेच्या कार्यालयांतील जुना संगणक एकाएकीं बंद पडला, तेव्हां आम्हांस यंत्रापेक्षां त्याच्या पोटांतील नोंदीच अधिक आठवल्या. शाळा सोडून गेलेल्या शेंकडों मुलांचे दाखले त्यांत होते. आणि त्यांची दुसरी प्रत करून ठेवण्याचें काम आम्हींच आज-उद्यां करीत लांबणीवर टाकिलें होतें.

वाशीमच्या बाजारांतील कारागिरानें तपासून सांगितलें कीं, केवळ एस.एम.पी.एस. जळाला आहे. हा डबा भिंतींतील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिची १२, ५ व ३.३ व्होल्टची एकदिश वीज करून देतो.

कॅबिनेट वीस वर्षांहून जुनें. त्यांत नवा डबा कसा बसावा? परंतु इंटेल कंपनीनें १९९५ सालीं ए.टी.एक्स. नांवाचें जें माप ठरविलें, तें आजहि प्रचलित आहे. रुंदी १५० मिलिमीटर, उंची ८६ मिलिमीटर, आणि मागील चार स्क्रूंच्या जागा त्याच. मदरबोर्डाची खांच २० टोंकांची, तर नव्या तारेस २४ टोंकें. पण त्यांपैकीं ४ वेगळीं करितां येत होतीं. जुन्या हार्ड डिस्कला लागणारी तारहि होती. आम्हीं मोठ्या हर्षानें चारहि स्क्रू आवळले.

इतक्यांत शेजारीं उभा असलेला नववींतील एक विद्यार्थी भीत भीत म्हणाला, "सर, हा पंखा वारा कोठून घेणार?"

आम्हीं वांकून पाहिलें आणि खजील झालों. जुन्या डब्याचा पंखा पाठीमागें होता. नव्याचा मोठा पंखा खालच्या अंगास होता, आणि डबा ज्या पत्र्यावर टेकतो, त्या पत्र्यानें तो पुरता झांकला गेला होता. वऱ्हाडांतील मे महिन्याचा उष्मा, आणि त्यांत ही कोंडी! नवा डबाहि लौकरच जुन्याच्या वाटेनें गेला असता. दुसरे दिवशीं कारागिराकडून पत्र्यास वाटोळें भोंक पाडून घेतलें. तत्पूर्वीं आंतील सर्व भाग बाहेर काढून ठेविले. कारण लोखंडाचा बारीकसा कीसहि मदरबोर्डवर राहता, तर मोठा अनर्थ झाला असता.

संगणक सुरू झाला, त्याच सायंकाळीं सर्व दाखल्यांची दुसरी प्रत तयार झाली.

विद्यार्थिमित्रहो, एस.एम.पी.एस.चा डबा मात्र कधींहि उघडूं नका. तार काढून ठेविल्यावरहि त्याच्या आंत कांहीं काळ विजेचा सांठा राहतो. आणि मोठ्यांचें कांहीं चुकत आहे असें दिसल्यास विनयानें, पण अवश्य विचारा. स्क्रू बसले म्हणजे काम झालें, असें आम्हांस वाटलें होतें. वाऱ्याची वाट पाहण्याचें त्या मुलास सुचलें, आम्हांस नाहीं.